नवस बोलले की नाही बोलले

पहिला नवस चहाचा होता. २०१७ चा पावसाळा, रात्रीचे साडेअकरा, पप्पांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून शेजारच्यांच्या गाडीत घालून वसईहून मीरा रोडला निघालो आणि वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाड्या अशा अडकल्या की पुढचा ट्रक अर्धा तास तसूभर हलला नाही. मम्मी मागे पप्पांचं डोकं मांडीवर घेऊन रोझरी म्हणत होती, मी पुढच्या सीटवर. मनात म्हटलं, मरियामाऊली, पप्पांना वाचव, मी चहा सोडते. चहाच का, तर मला त्याच्याइतकं प्रिय दुसरं काही नव्हतं, दिवसाला पाच कप लागायचे. पप्पा वाचले. दोन स्टेंट बसले, आणि आजही केळीला पाणी कुणी नीट सोडत नाही म्हणून सकाळी सहापासून सगळ्यांवर ओरडत असतात.

मी चहा सोडला. पहिला आठवडा डोकं दुखलं, पण छान वाटत होतं, आपण देवासाठी काहीतरी करतोय असं. आणि मग एके दिवशी ऑफिसात बाजूच्या टेबलावर कुणीतरी मसाला चहा ओतला, त्याचा वास आला, बरं वाटलं, आणि लगेच पोटात खड्डा पडला. वास घेतला म्हणजे मोडला का? मग सुरूच झालं. सोडते म्हणजे किती दिवस, मी तर काही मुदत बोललेच नव्हते, म्हणजे आयुष्यभर. ग्रीन टी चालतो का? कॉफी? कॉफी चहाच्या बदली घेतली तर ती देवाची फसवणूक नाही का? मी अकाउंट्समध्ये आहे, महिनाअखेरीला दहा रुपये जुळले नाहीत तरी घरी न जाणारी बाई, त्यामुळे देवाचं खातंही पैशापर्यंत जुळवायला बसले.

आमच्याकडे नवस हा काही विचित्र प्रकार नाही हे आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ख्रिस्ती लोकांत हे कुठून आलं. ८ सप्टेंबरनंतर वांद्र्याला मोतमाऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा भरते तेव्हा डोंगरावर मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर, सगळं विकायला असतं, ज्याला जे हवं किंवा जे बरं झालं ते तो माऊलीला वाहतो, आणि त्या रांगेत ख्रिस्ती जितके तितकेच हिंदू. माहीमचा बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना आहे, तामिळनाडूतल्या वेलंकणी माऊलीकडे जाणारी ट्रेन आहे. माझ्या आजीनं काकाच्या नोकरीसाठी मोतमाऊलीला काकाच्या उंचीची मेणबत्ती कबूल केली होती, ती दिली बारा वर्षांनी, आणि दिली ती काकाच्या गुडघ्याएवढी. मी तेव्हा शाळेत होते, विचारलं, आजी असं चालतं? तर म्हणाली, ‘अगं ती माऊली आहे, सावकार नाही.’

आजीचं हे वाक्य मला कायम पाठ होतं, पण उपयोग शून्य.

कारण माझ्यापर्यंत जो देव पोचला तो सावकारच होता. बायबलमध्ये उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात आहे ना, नवस करून न फेडण्यापेक्षा मुळीच न केलेला बरा, ते मी इतक्यांदा वाचलं की पान आपोआप तिथेच उघडायचं. आणि शास्ते ११ मधला इफ्ताह. युद्ध जिंकलो तर घरातून जे पहिलं बाहेर येईल ते अर्पण करीन म्हणाला आणि बाहेर आली त्याची एकुलती एक पोर, नाचत, डफ वाजवत. ही गोष्ट मला रात्री झोपू द्यायची नाही. आता कळतं की ती गोष्ट बडबडून नवस बोलणाऱ्या माणसाचा मूर्खपणा दाखवते, पण तेव्हा मला त्यातून एवढंच कळलं की बोललं की संपलं, सुटका नाही.

मग २०१८ मध्ये कधीतरी नवस आपोआप यायला लागले. हे कसं समजावू. मी बोलायचे नाही, डोक्यात कुणीतरी माझ्याच आवाजात बोलायचं. अंधेरी स्टेशनचा जिना चढताना: ‘हा जिना थांबून चढलीस तर तू लग्न करणार नाहीस असं देवाला वचन.’ मी घाबरून थांबायचे. थांबले! म्हणजे झालं का वचन? मी हो म्हटलं होतं का? नाही म्हटलं होतं, पण नाही म्हणायच्या आधी एक क्षण गेला होता, त्या क्षणात हो होतं का? नवा ड्रेस घेतला की ‘हा घातलास तर पगार दान करायचा’. मोबाईल उचलला की ‘आता बघितलास तर एक वर्ष मासे बंद’. आमच्या घरात मासे बंद म्हणजे जेवणच बंद.

त्यावर उपायही डोक्यानंच काढला. असा विचार आला की लगेच तीनदा ‘नाही नाही नाही’ म्हणायचं, मग छातीवर हातानं क्रॉस करायचा, मग ‘प्रभू येशू, मी असं काही म्हटलेलं नाही’ हे वाक्य एकही शब्द न अडखळता पूर्ण म्हणायचं, अडखळलं तर पहिल्यापासून. विरार लोकलच्या लेडीज डब्यात सकाळी आठ सतराला उभं राहायला जागा नसते तिथे मी पुटपुटत क्रॉस करत असायचे, बायकांना वाटायचं फार भाविक मुलगी आहे. एकीनं तर तिच्या पोरासाठी प्रार्थना करायला सांगितली. मला रडू यायचं बाकी होतं.

शिवाय वही. एका लांबट वहीत मी नवस लिहून ठेवायला लागले, तारीख, नवस काय, नक्की बोलले की संशय आहे, फेडला की नाही, मोडला की नाही. पाच कॉलम. शेवटी मोजले तेव्हा ६१ होते, त्यातला खरा म्हणावा असा एकच, चहाचा. बाकी साठ ‘संशय’ कॉलममध्ये. ऑडिटमध्ये अशी एंट्री आली असती तर मी स्वतः फाडली असती.

कन्फेशनचं, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करून माफी घेण्याचं, तर विचारूच नका. आमच्याकडे मैला-मैलावर चर्च आहे, आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, फादरांना दर शनिवारी तेच सांगायला लाज वाटायची म्हणून स्कूटी काढून एका शनिवारी आगाशी, दुसऱ्या शनिवारी निर्मळ, मग गिरीज, भुईगाव असा माझा दौरा चालायचा. कुणी म्हणायचं, ‘बाळा, हे पाप नाही, जा.’ मी बाहेर यायचे, अर्धा तास हलकं वाटायचं, मग वाटायचं मी नीट सांगितलंच नाही, जिन्याची गोष्ट सांगितली पण तो एक क्षण सांगितला नाही, म्हणजे फादरांनी चुकीच्या माहितीवर माफी दिली, म्हणजे ती माफी लागू नाही. पुन्हा रांगेत. एकदा एक तरुण फादर वैतागून म्हणाले, ‘तुम्ही दहा मिनिटांपूर्वीच येऊन गेलात ना?’ मागे आठ जण उभे होते. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आणि एका प्रार्थनाशिबिरात प्रवचन देणाऱ्यानं डोक्यावर हात ठेवून सांगितलं की हे सैतानाचं बंधन आहे, तुमच्या घराण्यात कुणीतरी नवस मोडलाय. मी घरी येऊन वहीत आजीची मेणबत्ती लिहिली. बासष्टावी एंट्री. कै. आजी, मेणबत्ती, लांबी कमी.

या सगळ्यात मला खरं हसू येतं ते माझ्या कायद्याच्या अभ्यासाचं. कुणीतरी सांगितलं की कॅथलिक चर्चच्या कायद्यात नवसावर कलमं आहेत. आहेतच. १९८३ ची संहिता, कलम ११९१ पासून पुढे. मी ती अशी पाठ केली की सीएच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला असता तर पास झाले असते. ११९१ म्हणतं नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि स्वतःच्या मर्जीनं दिलेलं वचन, आणि तेही अशा गोष्टीचं जी शक्य आहे आणि न करण्यापेक्षा करणं जास्त चांगलं आहे. ११९४ नवस कसा संपतो ते सांगतं. ११९६ नुसार नवसातून मोकळं करायचा अधिकार आपल्या पॅरिश प्रीस्टलाही असतो, योग्य कारण हवं आणि दुसऱ्या कुणाचा हक्क बुडायला नको, बस. ११९७ तर त्याच्याही पुढे, खाजगी नवस असेल तर तुम्ही स्वतःच तो तितक्याच किंवा जास्त चांगल्या कामात बदलू शकता, कुणाला विचारायचीही गरज नाही. म्हणजे ज्या चर्चला मी इतकी घाबरत होते तिनं दारं-खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्या होत्या. आजी कलम न वाचता बरोबर होती.

मग मी आमच्या पॅरिश प्रीस्टकडे गेले, वही दाखवली नाही, फक्त म्हटलं फादर मला सगळ्या नवसांतून सूट द्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दिली. पाच मिनिटं लागली. त्या रात्री मी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सलग आठ तास झोपले.

दोन दिवस. बरोबर दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये, दहिसरच्या आसपास, डोकं म्हणालं: ‘सगळे’ म्हणजे जे आठवतात तेच की विसरलेलेही? आणि योग्य कारण होतं का, की तू फक्त चहासाठी रडत गेलीस? ११९१ मध्येच पुढे असंही आहे की गंभीर आणि अन्यायी भीतीपोटी केलेला नवस मुळातच रद्द. मग माझी भीती अन्यायी होती का? पप्पांच्या हार्ट अटॅकची भीती न्यायी की अन्यायी? हे मी खरंच एका फादरांना ईमेलवर विचारलं, दीड पानाचं. पुढच्या सहा महिन्यांत मी चार वेळा सूट मागितली. औषध रोग होऊन बसलं होतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी या ओळीवर जरा थांबा, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हिला योग्य धार्मिक उत्तर मिळालं की ही शांत होईल. उत्तर मला मिळालं होतं. मला प्रत्येक उत्तर मिळालं होतं, बरोबर उत्तर, अधिकाराच्या माणसाकडून, कलमासकट. माझं डोकं उत्तर खाऊन पुन्हा भुकेलं व्हायचं.

वळण आलं ते एका म्हाताऱ्या फादरांमुळे. रिटायर्ड, कानानं अधू, त्यांच्याकडे कन्फेशनला रांग नसायची कारण ते मोठ्यानं बोलायचे. मी आपली सुरुवात केली, त्यांनी मध्येच थांबवलं. ‘ही गोष्ट आधी किती जणांना सांगितलीस?’ मी म्हटलं, नऊ-दहा. ‘सगळे काय म्हणाले?’ पाप नाही म्हणाले. ‘मग मी अकरावा काय वेगळं सांगणार?’ आणि मला कन्फेशनच्या पेटीतून उठवून बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं.

तिथे त्यांनी मला संत इग्नेशियसबद्दल सांगितलं. जेझुइट संघ स्थापणारा, ज्याच्या मित्रानं, संत फ्रान्सिस झेवियरनं, वसईच्या किनाऱ्याला पाय लावले, तो इग्नेशियस. १५२२ मध्ये त्यानं मोन्सेराटला तीन दिवस बसून आयुष्यभराची पापं लिहून कन्फेशन केलं आणि तरी मान्रेसाला गेल्यावर महिनोन्‌महिने वाटत राहिलं की काहीतरी सांगायचं राहिलंय. पुन्हा पुन्हा कन्फेशन. मग देव सोडवत नाही तोवर खाणार-पिणार नाही म्हणून आठवडाभर उपाशी राहिला, शेवटी कन्फेशन ऐकणाऱ्या फादरांनी हुकूम दिला, खा. आपल्या खोलीतल्या भोकातून खाली उडी टाकावी इथपर्यंत त्याची मजल गेली होती. मी गप्प ऐकत होते. देवाकडून मागणं पूर्ण होईपर्यंत उपाशी राहणं, हा नवसच की. नंतर त्यानंच लिहून ठेवलंय की गवताच्या दोन काड्या क्रॉससारख्या पडल्या, त्यावर चुकून पाय पडला आणि मी पाप केलं असं कुणी ठरवलं, तर ती निव्वळ चुकीची समजूत. ‘त्याच्या काड्या, तुझा जिना,’ फादर म्हणाले. आणि या आजाराला इंग्रजीत जो शब्द आहे, स्क्रुपल, त्याचं लॅटिन मूळ म्हणजे बारीक टोकदार खडा, हेही त्यांनीच सांगितलं. चपलेत गेलेला खडा. माणूस लंगडतो, बघणाऱ्याला वाटतं पाय मोडलाय.

मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, हुकमासारख्या. कन्फेशनला फक्त त्यांच्याकडेच यायचं, महिन्यातून एकदा, आणि नवस हा शब्द तिथे काढायचा नाही. शंका आली की नवस झाला की नाही, तर नाही झाला, जो नियम लागू आहे की नाही याचीच शंका आहे तो माणसाला बांधत नाही, हे चर्चचं जुनं तत्त्व आहे, यापुढे चर्चा नाही. आणि तिसरी, डॉक्टर. मी म्हटलं, फादर, मी वेडी नाहीये. ते म्हणाले, ‘तुझ्या पप्पांना स्टेंट टाकले तेव्हा मी आशीर्वाद दिला असता तर चाललं असतं का?’

मानसोपचारतज्ज्ञ हिंदू होते, मला वाटलं यांना काय कळणार नवस आणि कन्फेशन. त्यांनी माझं अर्धं ऐकून उरलेलं स्वतःच सांगितलं. ओसीडी. एकच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार. मला ओसीडी म्हणजे हात धुणारी माणसं एवढंच माहीत होतं. म्हणाले, कुणाचा आजार हातावर अडकतो, कुणाचा गॅसच्या बटणावर, तुमचा देवावर अडकलाय, त्यांच्याकडे सोवळ्यात अडकलेले लोक येतात, नमाजाआधीच्या वुजूत अडकलेले येतात, माणूस ज्याला सगळ्यात जास्त जपतो तिथेच हा आजार चावतो. चाळीसपैकी मार्क असलेली एक टेस्ट घेतली, मला सत्तावीस, म्हणजे गंभीर. शाळेत गणितात मला एवढे मिळाले असते तर. सर्ट्रालीन नावाची गोळी सुरू केली, आधी पन्नास मिलिग्रॅम, हळूहळू दीडशे. आधीच सांगितलं की ओसीडीला डोस जास्त लागतो आणि फरक पडायला दहा-बारा आठवडे जातात, मध्ये सोडू नका. पहिले दोन आठवडे मळमळ, आणि मला अर्थातच वाटलं की ही मळमळ म्हणजे शिक्षा. दहाव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की विरार ते अंधेरी मी एकदाही क्रॉस केला नाही, आणि हे लक्षात आलं तेच गोरेगाव गेल्यावर.

गोळी एकटी पुरत नाही. बोरिवलीला एक थेरपिस्ट होती, माझ्याहून लहान, तिच्याकडे दर गुरुवारी. तिची पद्धत ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं. जे भय वाटतं त्याच्या समोर उभं राहायचं आणि ते उतरवायला काहीही करायचं नाही. नाही-नाही-नाही नाही, क्रॉस नाही, वही नाही, कलम नाही, मम्मीला ‘मी बोलले का गं?’ विचारणं नाही. तिनं घरच्यांनाही सांगून ठेवलं, मी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. मम्मीला हे फार जड गेलं. लेक रडतेय आणि आपण ‘माहीत नाही’ म्हणायचं.

सगळ्यात कठीण होतं एक वाक्य. रोज वीस मिनिटं मोठ्यानं म्हणायचं: ‘कदाचित मी खरंच नवस मोडला असेल आणि मला ते कधीच कळणार नाही.’ मी तिला म्हटलं, निदान ‘पण देव माफ करेल’ एवढं शेवटी जोडू दे. नाही म्हणाली, ते जोडलंस की पुन्हा क्रॉस केल्यासारखंच. मी फादरांकडे तक्रार घेऊन गेले, वाटलं ते माझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, देव माफ करेल हे मी म्हणतो, तू म्हणू नकोस, तू तिचं ऐक. तो मला सगळ्यात मोठा आधार झाला, की दोघं एकमेकांच्या विरोधात नव्हते. ज्यांचे फादर किंवा पाळक म्हणतात गोळ्या सोडा आणि प्रार्थना करा, त्यांचं काय होत असेल हा विचार येतो. माझी नगरची एक मैत्रीण आहे, प्रोटेस्टंट, मी तिला म्हणायचे तुमच्यात बरं आहे, नवस नाही, कन्फेशनची पेटी नाही. ती म्हणाली, आमच्यात ‘मी येशूला खरंच स्वीकारलं का’ हे आहे, मी कॉलेजात असताना सतरा वेळा स्वीकारलाय.

माझ्या भाषेत मला ते असं समजलं: अकाउंट्समध्ये जी रक्कम कशाची ते कळत नाही ती आपण सस्पेन्स खात्यात टाकतो आणि पुढचं काम करतो. तशी ती बासष्ट, सस्पेन्समध्ये. फरक एवढाच की हे खातं वर्षअखेरीला मिटवायचं नाही. मला मेलं ते मिटवायचंच असायचं.

चहा पहिल्यांदा प्यायले अंधेरी ईस्टच्या टपरीवर, थेरपिस्ट फोनवर होती. चहाच्या नवसातून मला चारदा सूट मिळालेली, तरी हात थरथरत होता, कटिंगचा ग्लास अर्धा सांडला. भीती दहापैकी नऊ. चाळीस मिनिटांनी पाच. तासाभरानं तीन. काही केलं नव्हतं, नुसती उभी होते. पप्पांना फोन करून ते जिवंत आहेत का हे विचारायचं नव्हतं, ते सगळ्यात अवघड. संध्याकाळी घरी गेले तर ते वाडीत होते, आणि ओरडत होते.

मग मार्च २०२० मध्ये चर्चच बंद झाली. मोबाईलवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कन्फेशन नाहीच. मला वाटलं आता मी मेले, पण झालं उलटं, जे थेरपिस्ट जबरदस्तीनं करायला लावत होती तेच सरकारनं करायला लावलं. पाडव्याला, १६ नोव्हेंबरला देवळं-चर्च उघडली तेव्हा मी आठ महिने कन्फेशनशिवाय काढले होते. म्हाताऱ्या फादरांना भेटायला जायचं होतं पण ते तोवर वारले होते. त्यांच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. लावताना डोकं म्हणालंच, ‘दरवर्षी लावीन असं वचन’. मी म्हटलं, असेल कदाचित, आणि घरी आले.

लग्नाचं सांगायचं राहिलं. जिन्यावरचा तो नवस, लग्न करणार नाही. २०२२ मध्ये स्थळ आलं, मुलगा आवडला, दुसऱ्याच भेटीत मी त्याला सगळं सांगून टाकलं, गोळ्यांसकट, म्हटलं पळायचं तर आत्ता पळ. तो म्हणाला, ‘म्हणजे तू माझ्याशी लग्नाला तयार झालीस तर ते नवस मोडून? भारीच की.’ लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून फॉर्म भरून घेतात, त्यात व्रतांबद्दल प्रश्न येतो. मला माहीत होतं की लग्नाच्या आड येतं ते फक्त धर्मसंघात घेतलेलं जाहीर, कायमचं ब्रह्मचर्याचं व्रत, कलम १०८८, खाजगी नवस नाही, आणि असता तरी त्यातून सूट मिळालेली. घसा कोरडा पडला. ‘नाही’ म्हटलं. एकदाच.

आणि मग वेदीपुढे खरोखरचं वचन द्यायचं होतं. इतकी वर्षं न दिलेल्या वचनांनी छळलेली मी, सहाशे माणसांसमोर, माइकवर, सुखात-दुःखात-आजारात. अर्ध्या वाक्यात डोकं म्हणालं, मनापासून म्हणतेयस का? मी बोलत राहिले. माझा ‘आजारात’ शब्द जरा चिरकला, व्हिडिओत ऐकू येतो. हॉलवर जाताना गाडीत पुन्हा: मनापासून होतं का? तो क्षण? मी नवऱ्याला विचारायला तोंड उघडलं आणि बंद केलं. तो भूक लागलीय म्हणून केकचा तुकडा शोधत होता. आजपर्यंत मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. गोळी अजून आहे, पन्नासवर आलीय. परवा त्याच टेस्टमध्ये अकरा मार्क. अधूनमधून, झोप कमी झाली किंवा पाळी जवळ आली की जिन्यावरचा आवाज येतो, मी जिना चढते.

२०२४ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला आला, व्हॅलेंटाइन डेला, नवरा दुःखी. सासरी रिवाज आहे, आदल्या दिवशी जेवताना प्रत्येकानं सांगायचं की या उपवासकाळात कोण काय सोडणार. सासरे दारू, दीर मटण, नवरा इन्स्टाग्राम. मला माझ्या नव्या फादरांनी सक्त ताकीद दिली होती की चर्चनं सांगितलेत तेवढेच उपास, वरचं काही सोडायचं नाही, कबूलही करायचं नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, मी काही सोडत नाहीये. टेबलावर शांतता. सासूबाईंना माझ्या आजाराचं अर्धवट माहीत आहे, त्यांनी माझ्याकडे बघितलं, भात वाढला, आणि म्हणाल्या मी चहा सोडते, ईस्टरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्साहून कपाळाला राख लावून आलो तर त्या ओट्याशी उभ्या, एक कप गाळलेला. माझ्या हातात दिला. ‘साखर बघ गं बरोबर आहे का, मला आता चाखता यायचं नाही.’

जरा कमी होती. मी सांगितलं, त्यांनी अर्धा चमचा घातला.